दुसऱ्यांच्या संस्कृतीचा फॅन्सी ड्रेस : मुलांचा खेळ की कुणाच्या जखमेवरचं मीठ?

मृदुला_क (धागाकर्ती)

नमस्कार. आजवर इथे नुसती वाचत आले, पण आज विचारल्याशिवाय राहवत नाही.

माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत फॅन्सी ड्रेस आहे आणि विषय आहे 'जगातले लोक'. तिने एका चित्रांच्या पुस्तकात डोक्यावर पिसांचा मोठा टोप घातलेला सरदार पाहिला आणि त्या दिवसापासून तिला 'रेड इंडियन' व्हायचं होतं. चार संध्याकाळी खपून आम्ही दोघींनी कागदाची पिसं कापली, रंगवली, पट्टीला शिवली. टोप खरंच छान झाला. मी मोठ्या कौतुकाने वर्गातल्या पालकांच्या ग्रूपवर फोटो टाकला.

रात्री एका आईचा मला वेगळा मेसेज आला. तिने अगदी सौम्यपणे लिहिलं होतं की हा टोप त्या लोकांसाठी खेळणं नाही, आणि मुलांनी तो असा घालणं तिला बरं वाटत नाही.

पहिल्यांदा राग आला. आठ वर्षांच्या पोरीच्या हौसेत कसला आलाय अपमान? मग झोप लागेना. मनात तीनच मुद्दे फिरत होते. मुलीला ते लोक मनापासून आवडतात. त्या सभागृहात त्यांच्यापैकी कुणीही नसणार. आणि माझ्या मनात काही वाईट नाही. एवढं पुरेसं आहे का? खरं सांगा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका.

वाटसरू

मृदुलाताई, पुरेसं आहे. निर्धास्त राहा.

संस्कृती ही कुणाच्या सातबाऱ्यावर लिहिलेली जमीन नाही. माणसं एकमेकांचं बघून कपडे घालायला शिकली. ज्याला आपण अस्सल चिनी पोशाख समजतो तो चिपाव १९२० च्या दशकात शांघायमध्ये आकाराला आला, त्यात मांचू झग्याचा वारसा आहे आणि पाश्चात्त्य शिवणीचाही. २०१८ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या एका शाळकरी मुलीने तो शाळेच्या समारंभाला घातला आणि समाजमाध्यमांवर तिला हजारोंनी झोडपलं. खुद्द चीनमधल्या कित्येकांची प्रतिक्रिया मात्र उलट होती, आमचा पोशाख तिला आवडला याचा त्यांना आनंदच झाला.

२०१५ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातही तेच. फ्रेंच चित्रकार मोनेने १८७६ मध्ये आपल्या पत्नीचं किमोनोतलं चित्र काढलं होतं. त्या चित्रातल्या किमोनोसारखाच एक किमोनो प्रेक्षकांना अंगावर चढवून बघता येत होता. काही जणांनी निदर्शनं केली, संग्रहालयाने घाबरून नुसता हात लावून बघण्यापुरतीच परवानगी ठेवली. मग त्या निदर्शनांच्या विरोधात जपानी माणसंच किमोनो घालून तिथे उभी राहिली.

म्हणजे दुखावलं जातंय कोण? ज्यांचा पोशाख आहे ते, की त्यांच्या वतीने बोलणारे? मला या दुसऱ्या मंडळींचीच काळजी वाटते. त्यांचं ऐकत गेलो तर प्रत्येक मूल आपापल्या डब्यात बसेल आणि शेजारच्या डब्यात काय आहे ते त्याला कधीच कळणार नाही.

शशांक७७

वाटसरू +१. मोठ्यांच्या वादात मुलांना ओढू नका. तिला टोप घालू द्या.

अनघा_दे

वाटसरू यांची दोन्ही उदाहरणं बरोबर आहेत, पण ती चिपाव आणि किमोनोची आहेत. मृदुलाताईंचा प्रश्न पिसांच्या टोपाचा आहे, आणि तिथे गोष्ट वेगळी आहे. जरा लांबलचक लिहिते.

आधी नावाबद्दल. 'रेड इंडियन' हा शब्द आता सोडायला हवा. कातडीच्या रंगावरून ठेवलेलं नाव आणि त्याला जोडून कोलंबसाची चूक, एवढंच त्यात आहे. एकट्या अमेरिकेत मूळनिवासींच्या सरकारमान्य अशा साडेपाचशेहून अधिक जमाती आहेत. पाठीपर्यंत लोंबणारा तो मोठा टोप मुळात मधल्या गवताळ मैदानांतल्या लकोटा, शायान, क्रो अशा लोकांचा. बाकीच्या शेकडो जमातींच्या डोक्यावर तो कधीच नव्हता.

आपल्याकडे आपण 'मानाचा तुरा' म्हणतो ना, ते तिथे शब्दशः खरं आहे. गरुडाचं एकेक पीस कर्तृत्वाने मिळवायचं असतं, आणि तो टोप घालण्याचा अधिकार जमात देते. घालायची इच्छा झाली आणि घातला, असं त्यांच्यातलाही कुणी करत नाही. म्हणून किमोनोपेक्षा त्याची तुलना सैनिकाच्या छातीवरच्या पदकांशी करा. शौर्यपदकं लावून कुणी पार्टीत मिरवलं तर आपल्याला कसं वाटेल?

आजही ती पिसं बाजारात मिळत नाहीत. टकल्या गरुडाला १९४० पासून आणि सोनेरी गरुडाला १९६२ पासून अमेरिकेत कायद्याचं संरक्षण आहे. मेलेल्या गरुडांची पिसं सरकार कोलोरॅडोतल्या एका केंद्रात गोळा करतं, आणि मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना धार्मिक कामासाठी ती अर्ज करून मिळतात. काही मागण्यांसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ज्या वस्तूसाठी त्यांना स्वतःला एवढं थांबावं लागतं, तिची नक्कल जगभरच्या दुकानांत प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकली जाते.

आणि आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. १८८३ मध्ये अमेरिकन सरकारने नियम केले आणि या लोकांचे नाच, विधी, वैद्य-पुजाऱ्यांची कामं गुन्हा ठरवली. शिक्षा म्हणून त्यांचं रेशन बंद व्हायचं, कैद व्हायची. त्याच १८८३ मध्ये 'बफेलो बिल' नावाच्या माणसाचा तमाशावजा खेळ सुरू झाला. त्यात याच लोकांना पैसे देऊन, पिसं घालून, घोड्यांवर बसवून प्रेक्षकांसमोर आणलं जायचं. तो खेळ पुढे युरोपभर फिरला. पिसं म्हणजेच सगळे मूळनिवासी हे चित्र जगभरच्या मुलांच्या डोक्यात ठसवण्यात त्या खेळाचा मोठा हात आहे. घरी घातलं तर गुन्हा आणि तिकीट लावून घातलं तर करमणूक!

कॅनडात तर १९१४ मध्ये कायदाच बदलला. पश्चिमेकडच्या मूळनिवासींना आपल्याच पारंपरिक पोशाखात कुठल्या नाचात किंवा प्रदर्शनात उतरायचं असेल तर सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागायची. तिथली विधींवरची बंदी १९५१ मध्ये उठली. अमेरिकेत धर्मस्वातंत्र्याचा वेगळा कायदा यायला १९७८ उजाडलं. ही गोष्ट फार जुनी नाही, ते भोगलेले लोक आज आजी-आजोबा आहेत.

मृदुलाताई, तुमची मुलगी आठ वर्षांची आहे म्हणून हेही सांगते. पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथे १८७९ मध्ये एक निवासी शाळा सुरू झाली. तिच्याच वयाच्या मुलांना आईबापांपासून तोडून तिथे आणायचे, आल्या आल्या केस कापायचे, अंगावरचे कपडे काढून गणवेश चढवायचे. 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो काढून ते अभिमानाने वाटायचे. ते जोडफोटो मी पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं. आपण तिकडे नव्हतो, आपला काही दोष नाही. पण हे कळल्यावर तो टोप पुन्हा नुसता कागदाचा राहत नाही.

मृदुला_क

अनघा, धन्यवाद. यातलं काहीच मला माहीत नव्हतं, कार्लाइल तर अजिबातच नाही. वाचतेय. लगेच काही बोलत नाही.

रंगपट

मी नाटकांची वेशभूषा करतो, वीस-बावीस वर्षं झाली. माझ्या कामाच्या बाजूने लिहितो.

मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत. एक पेहराव आणि दुसरा सोंग. पेहराव अंगावर घालतात. सोंग आणतात, वठवतात, त्यात दुसरं माणूस होणं असतं. या वादात लोक बहुतेक वेळा पेहरावाबद्दल भांडत असतात आणि दुखावणारं असतं सोंग. माझ्या टेबलावर कुठलंही पात्र तीन थरांत उभं राहतं: कापड, कातडी, आणि चालण्या-बोलण्याची ढब. दुसऱ्या समाजाचं कापड घालणं ही एक गोष्ट. त्याच्यासाठी कातडी रंगवली, डोळे ओढून बारीक केले, दात पुढे काढले, बोलताना हेल काढला, की ते सोंग झालं. मग बघणारा त्या कपड्याला हसत नाही, त्या माणसाला हसतो.

कातडी रंगवण्याला इतका विरोध का, तर त्याला इतिहास आहे. १८३० च्या दशकात अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट जाळलेल्या बुचाच्या काजळीने तोंड काळं करून 'जिम क्रो' नावाच्या कृष्णवर्णीयाची नक्कल करायचा. त्यातून अशा खेळांची लाटच आली. आळशी, मूर्ख, सदा दात काढणारा कृष्णवर्णीय हे चित्र त्या खेळांनी घराघरांत नेलं. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणारे कायदे झाले त्यांना लोक 'जिम क्रो कायदे' म्हणायला लागले. ते १९६० च्या दशकापर्यंत टिकले. रंगमंचावरच्या सोंगाचं नाव कायद्याला मिळालं. आमच्या धंद्याला हे विसरता येत नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने २०१५ मध्ये 'ओटेलो' या कृष्णवर्णीय नायकाचं काम करणाऱ्या गायकाचा चेहरा काळवंडणं बंद केलं. गायक तोच, गाणं तेच. वेशभूषाकार म्हणून मला वाटतं, पात्र उभं करायला त्या रंगाची गरज नव्हतीच. आम्ही सवयीने लावत होतो.

२०१६ मध्ये डिस्नेने लहान मुलांसाठी माउई या पॉलिनेशियन पात्राचा पोशाख बाजारात आणला. तो म्हणजे तपकिरी कातडीच्या रंगाचा, गोंदण छापलेला अंगभर झगा. मुलाने अक्षरशः दुसऱ्या लोकांची कातडी अंगात चढवायची! पॅसिफिकमधल्या लोकांनी आक्षेप घेतला आणि कंपनीने तो मागे घेतला. तो कुणाच्या टेबलावर तयार झाला असेल याचा मी बराच विचार केला. दुष्ट माणसं नसणार ती. त्या खोलीत विचारायला त्या लोकांपैकी कुणी नव्हतं, एवढंच असणार.

वाटसरू

रंगपट, कातडी रंगवण्याबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ते मी आधीच लिहायला हवं होतं. कॅनडाच्या जस्टिन ट्रूडोंनी २००१ मध्ये शिक्षक असताना एका पार्टीत पगडी घालून चेहरा-हात काळवंडले होते. तो फोटो २०१९ मध्ये बाहेर आला तेव्हा पंतप्रधान म्हणून त्यांना माफी मागावी लागली. त्यात गैर काही नाही, मागायलाच हवी होती.

अनघाताईंच्या मुद्द्यावर मात्र मी अडलोय. 'त्यांना बंदी होती म्हणून आता बाकीच्यांनी घालू नये' हा नियम धरला तर स्कॉटलंडच्या किल्टचं, पुरुषांच्या त्या चौकड्यांच्या घागऱ्याचं काय? ब्रिटिश सरकारने १७४६ च्या कायद्याने डोंगराळ भागातल्या पुरुषांना तो घालायला बंदी केली. पकडलं तर तुरुंग. १७८२ मध्ये बंदी उठली. १८२२ मध्ये तर खुद्द राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला किल्ट घालून आला, ज्याच्या घराण्याने बंदी घातली होती तोच. आज कुठल्याही देशातला माणूस किल्ट घालतो आणि स्कॉटिश माणूस खूश होतो. म्हणजे जखमा भरतात, आणि कपडा सगळ्यांचा झाल्यानेही त्या भरतात. मग पिसांच्या टोपाला कायम कुलूप का?

अनघा_दे

वाटसरू, हा प्रश्न मला आवडला. यावर दोन दिवस विचार केला.

किल्टचं दार स्कॉटिश लोकांनी स्वतः उघडलंय. किल्ट शिवतात ते, विकतात ते, लग्नासाठी भाड्याने देतात ते, कुठली चौकडी कुठल्या घराण्याची हे सांगतात ते. किमोनोचंही तेच, क्योटोत पाहुण्यांना किमोनो भाड्याने देणारी दुकानं जपानी माणसंच चालवतात. तिथे तुम्ही पाहुणे असता आणि यजमान हजर असतो. पिसांच्या टोपाबाबत ज्यांचा आहे ते लोक आजही सांगताहेत की हे दार उघडं नाही.

याहून चांगलं उदाहरण न्यूझीलंडच्या माओरींचं. त्यांचं चेहऱ्यावरचं गोंदण, टा मोको, म्हणजे माणसाची वंशावळ असते. ते दुसऱ्याने उचललं तर दुसऱ्याचा बाप आपल्या नावापुढे लावल्यासारखं. पण बाहेरच्या माणसाला त्या शैलीतलं गोंदण आवडलं तर? त्यासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, किरितुही. नक्षी त्या वळणाची, पण वंशावळ त्यात नाही. म्हणजे 'आमच्याकडे येऊ नका' असं ते म्हणत नाहीत. ओसरीवर या, देवघरात नको, एवढंच म्हणतात. कुठल्याही घरात आपण एवढं पाळतोच की.

म्हणून मला 'दुसऱ्या संस्कृतीचे कपडे घालावे की नाही' हा प्रश्नच फार ढोबळ वाटतो. कुठला कपडा, आणि ज्यांचा आहे ते त्याबद्दल काय म्हणतात, इथून सुरुवात हवी.

दूरदेशी

वाचनमात्र होतो. आता लिहितो.

बरीच वर्षं परदेशात नोकरी करतोय. पहिल्या वर्षी ऑफिसात वेशभूषेची पार्टी होती. एक सहकारी डोक्याला कापड गुंडाळून, खोटी दाढी लावून आला. दिवसभर तो 'आपल्यासारख्या' हेलात इंग्रजी बोलत होता, मान डोलावत होता. सगळे हसत होते. मीही हसलो.

मी शीख नाही. पगडी माझी नाही. पण तो हेल माझा होता. त्या दिवसानंतर मीटिंगमध्ये बोलायला तोंड उघडलं की मला माझाच आवाज ऐकू यायचा. आकडे बरोबर असायचे, मुद्दा बरोबर असायचा, आणि मनात यायचं की यांना आत्ता ती खोटी दाढी आठवत असेल. कितीतरी महिने मी गरजेपुरतंच बोललो. तो सहकारी मनाने वाईट नव्हता, पुढे मला त्याने मदतही केली. त्याला हे मी आजतागायत सांगितलेलं नाही.

म्हणून 'आमच्या मनात वाईट नव्हतं' हे वाक्य ऐकलं की मी गप्प होतो. ते खरंच असतं, आणि तरीही माझे ते महिने गेलेच.

पगडीबद्दल आणखी एक. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी अ‍ॅरिझोनात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घातल्या. मारणाऱ्याला डोक्यावरची पगडी आणि दाढी एवढंच दिसलं. २०१९ मध्ये एका बड्या फॅशन कंपनीची पगडी दुकानात टोपीसारखी विकायला आली आणि शिखांनी संताप व्यक्त केला तेव्हा लोक म्हणाले, एवढं काय त्यात? त्यात हे होतं. एकाने घातली तर फॅशन आणि दुसऱ्याने घातली तर जिवावर बेततं. गंमत म्हणून घालणारा घरी जाऊन ती काढून ठेवतो. सोढींना तशी सोय नव्हती.

मुलांच्या शाळेतल्या टोपाची याच्याशी बरोबरी करत नाहीये. पण 'सभागृहात त्यांच्यापैकी कुणी नसणार' या तुमच्या वाक्यापाशी थांबलो. त्या ऑफिसातही शीख कुणी नव्हतं.

निशिगंधा

दूरदेशी, वाचून गलबलून आलं. लिहिलंत हे फार बरं केलंत.

मला स्वतःचंच काहीतरी लक्षात आलं. २००८ मध्ये मॉडेल हायडी क्लुम हॅलोविनच्या पार्टीत कालीमाता बनून आली होती. निळं अंग, हात, मुंडकी, सगळं. तेव्हा मी फार चिडले होते, आमची देवी म्हणजे भुताखेतांच्या रात्रीचं सोंग आहे का म्हणून. आणि माझ्या मुलाला पाच वर्षांचा असताना मीच पिसं लावून, गालांवर लाल पट्टे ओढून 'रेड इंडियन' केलं होतं. तो फोटो अजून भिंतीवर आहे. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या आणि दोन्हींच्या मध्ये तिला काही जाणवलं नाही.

मुक्तछंद

दुसरी बाजूही मनापासून मांडते. कुणाला विरोध करायचा नाही, पण मला भीती वाटते.

२०१५ मध्ये येल विद्यापीठात हॅलोविनच्या आधी विद्यार्थ्यांना ईमेल गेली की दुसऱ्यांच्या संस्कृतीला दुखावणारे पोशाख टाळा. तिथल्या बालविकासाच्या शिक्षिका एरिका क्रिस्टाकिस यांनी उत्तरादाखल लिहिलं की हे वरून सांगायला हवं का, तरुण मुलं आपापसांत बोलून ठरवू शकणार नाहीत का. त्यावरून एवढं रान पेटलं की त्यांनी तिथे शिकवणं सोडलं. त्यांच्या पतीने पुढच्या वर्षी वसतिगृहाचं प्रमुखपद सोडलं. त्या चूक होत्या असं क्षणभर धरू. तरी एका प्रश्नाची ही किंमत?

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात एका मेक्सिकन उपाहारगृहाला गवती हॅट वाटण्यापासून विद्यार्थी संघटनेने थांबवलं. २०१९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका बालवाडीने पालकांना कळवलं की कार्निव्हलला मुलांना मूळनिवासी किंवा अरब शेख करू नका, आणि सगळ्या जर्मनीभर भांडण झालं. भांडणात आवाज कुणाचे होते? बहुतेक मोठ्या माणसांचे, आणि बहुतेक तिसऱ्याच लोकांचे.

मला एवढंच म्हणायचंय की चार संध्याकाळी पिसं कापणाऱ्या मुलीला 'तू वाईट केलंस' असं कळता कामा नये. तिला शरम वाटली तर ती त्या लोकांबद्दल पुन्हा कधीच काही विचारणार नाही.

दूरदेशी

मुक्तछंद, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. मधल्याशी थोडा कमी. आवाज नेहमीच तिसऱ्यांचे असतात असं नाही. २०११ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकं काढली होती. प्रत्येकावर त्या त्या समाजाचा एक विद्यार्थी, हातात आपल्या समाजाचं सोंग आणलेल्या कुणाचा तरी फोटो. वर शब्द, 'आम्ही संस्कृती आहोत, पोशाख नव्हे'. ती मुलं स्वतःबद्दलच बोलत होती.

आणि नेदरलँड्सचंही बघा. तिथे डिसेंबरात मुलांना भेटी देणाऱ्या संत निकोलाससोबत 'काळा पीट' येतो. १८५० च्या एका बालपुस्तकापासून संताबरोबरचा हा काळा नोकर रूढ झाला. काळा चेहरा, लाल ओठ, कुरळ्या केसांचा टोप. कृष्णवर्णीय डच लोक वर्षानुवर्षं विरोध करत होते, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही २०१५ मध्ये हे रूप बदलायला सांगितलं. तिथले तेव्हाचे पंतप्रधान रुट २०१३ मध्ये म्हणाले होते की काळा पीट काळाच असतो, त्याला मी काय करणार. २०२० मध्ये त्यांनी संसदेत मत बदलल्याचं सांगितलं. कारण? पीटमुळे आपल्याला फार वाईट वागणूक मिळते असं सांगणारी लहान मुलं त्यांना भेटली होती. आता बऱ्याच ठिकाणी पीटच्या गालांवर धुराड्यातल्या काजळीचे नुसते फराटे असतात आणि बच्चेकंपनीचा सण चालू आहे.

शशांकजी म्हणाले, मुलांना ओढू नका. पण त्यातली काही मुलं त्यात आधीपासून होतीच.

शशांक७७

हे मला माहीत नव्हतं. आधीचं एका ओळीत लिहिलं ते घाईचं होतं.

रंगपट

अनघाताई, पिसांच्या बाबतीत एक गाठ मला अजून सुटलेली नाही, ती इथे ठेवतो.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या दिवशी कृष्णवर्णीय वस्त्यांतून 'मार्डी ग्रा इंडियन' म्हणवणारे गट निघतात. डोक्यावर प्रचंड पिसांचे टोप, अंगभर मण्यांचं भरतकाम. एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा. पळून आलेल्या गुलामांना मूळनिवासींनी आसरा दिला, त्याची आठवण म्हणून हे आहे असं ते सांगतात. एक पोशाख शिवायला वर्ष जातं, आणि पुढच्या वर्षी नवा शिवायचा. रोजगार सांभाळून रात्र रात्र बसून माणसं मणी ओवतात. त्या कामाचे जवळून काढलेले फोटो मी तासन् तास बघितलेत, त्यातला एकेक टाका बोलतो.

आता हेही दुसऱ्यांची पिसं डोक्यावर घेणंच. तरी मला ते दुकानातल्या पिशवीतल्या टोपासारखं वाटत नाही. त्यात ऋण आहे, आणि आपल्याही रस्त्यावर येण्यावर बंधनं होती त्या काळाची आठवण आहे. नियम लिहायला बसलो तर हे कुठे बसवू ते मला कळत नाही.

अनघा_दे

रंगपट, मलाही नाही कळत. आणि तिथे बोलायचा अधिकार माझा नाही असंच वाटतं.

वाटसरू

इतकं वाचल्यावर मी माझ्या पहिल्या प्रतिसादातलं 'निर्धास्त राहा' मागे घेतो. बाकीचं नाही. दुसऱ्यांचे कपडे, गाणी, भाषा यांच्याजवळ जायची मुलांना भीती वाटू नये हे माझं म्हणणं अजून तेच आहे.

मृदुला_क

आठवड्याने येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काय झालं ते सांगते.

मुक्तछंद यांचं वाक्य डोक्यात ठेवूनच लेकीशी बोलले. तू चुकलीस असं एकदाही म्हटलं नाही. ते पीस म्हणजे बक्षीस असतं, मोठं काहीतरी केल्यावर मिळतं, एवढंच सांगितलं. तिने लगेच विचारलं, "मग मी काय केलंय?" आणि स्वतःच टोप उतरवून ठेवला. कार्लाइलचंही थोडंसं सांगितलं, तिला झेपेल एवढं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांचे कपडे त्यांना परत दिले का?" मला उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही दोघींनी शोधायला घेतलं की त्या लोकांतली माणसं आज काय काय करतात. तिला निकोल मान सापडली. कॅलिफोर्नियातल्या राउंड व्हॅली जमातींमधली, वायलाकी वंशाची. लढाऊ विमानांची वैमानिक. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती अवकाश स्थानकात गेली, अवकाशात जाणारी पहिली मूळनिवासी अमेरिकन स्त्री. जाताना तिने आईने दिलेला ड्रीमकॅचर (वाईट स्वप्नं अडवतं म्हणतात ते जाळीचं कडं) सोबत नेला. हे कळल्यावर पोरीला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. जुन्या रेनकोटाचा अंतराळवेश शिवला. रंग नाही, पट्टे नाहीत, छातीवर नावाची पट्टी.

स्पर्धेत परीक्षकांनी तिला विचारलं की विषय 'जगातले लोक' आहे, तू तर अंतराळवीर झालीस, यात कुठले लोक? ती म्हणाली, "ही वायलाकी आहे. ते लोक आत्ता पण आहेत." पाठ केलेलं नव्हतं, मी शिकवलेलंही नव्हतं. नंबर आला नाही. घरी येताना थोडी हिरमुसली होती, तिला वाटत होतं आपण नीट सांगितलं नाही.

मेसेज करणाऱ्या त्या आईला भेटून आभार मानले. तिलाही झोप लागली नव्हती म्हणे, मेसेज पाठवल्यावर.

एकच राहिलंय. तो टोप अजून कपाटावर आहे. चार संध्याकाळींचं काम आहे, पोरीच्या हातचं. घालायचा नाही हे ठरलंय, पण केराच्या टोपलीत टाकायला माझा हात होत नाही. तुम्ही काय कराल?

रंगपट

टाकू नका. पट्टीची शिवण उसवा आणि पिसं एकेक सोडवून सपाट ठेवा, दुमडली तर रंगाला भेगा पडतात. कागदी पिसं पुष्कळ कामी येतात. पुढच्या वर्षी तिला मोर व्हायचं असेल, किंवा एखादा पक्षी. मधल्या दांड्याला बारीक तार चिकटवलीत तर पिसाला हवा तसा बाकही देता येईल. कशी चिकटवायची ते फोटोंसकट उद्या टाकतो.